देवानं निवडलेला मेंढा

मेंढराचं तोंड उघडून बघायची माझी खोड अजून गेलेली नाही. सांगलीला विश्रामबागेत आमच्या सोसायटीच्या मागं एक मोकळा प्लॉट आहे, तिथं अधूनमधून मेंढरं चरायला येतात. मी भाजीची पिशवी भिंतीला टेकवते आणि सरळ एखाद्या कोकराचा जबडा धरून ओठ वर करते. साठीची, चष्मा लावलेली, साडी नीट नेसलेली बाई असं करायला लागली की मेंढपाळ बिचारा हबकतो. "आवं बाई, काय करताय?" मी म्हणते, "काय नाही बाबा, बघते." खालचा जबडा वरच्याला नीट मिळाला की मला बरं वाटतं. आयुष्यभर कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवलं, पण ही खोड कॉलेजातली नाही. ती आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची.

आम्ही माण तालुक्यातले मेंढपाळ. गावात दगडी भिंतींची दोन खोल्यांची जागा होती, पण वर्षातले आठ महिने तिला कुलूप. दिवाळी झाली की आमचा संसार घोड्यावर चढायचा: भांडी, वाकळा, मेंढरं कोंडायचं जाळं, कोंबड्या, नुकती व्यालेली कुत्री आणि तिची पिल्लं, आणि या सगळ्यावर मी. माणातनं कराड, कराडवरनं पाटण, कोयनानगरचा घाट उतरून खाली कोकणात, आणि पावसाच्या आधी त्याच वाटेनं माघारी. मेंढरं जिथं बसतील तो तळ, तळाला आमच्यात वाडा म्हणतात, आणि वाडा म्हणजेच घर. सकाळी जाग यायची ती कोकरांच्या कालव्यानं. रात्रभर वेगळी ठेवलेली कोकरं सोडली की शंभर आया आणि शंभर लेकरं एकमेकांना हाका मारायची, आणि पाचव्या मिनिटाला सगळं गप्प, फक्त दूध ओढल्याचा चुटूचुटू आवाज. आई तोवर तीन दगडांवर हुलग्याचं माडगं शिजवायची. त्यात मेंढीचं घट्ट दूध ओतायचं, बाजरीची भाकरी कुस्करायची, वर खरडा. आता डॉक्टरांनी मला तिखट बंद केलंय. केलं तर केलं, मी खाते.

आबांना अक्षर येत नव्हतं. पण कळपातल्या कुठल्याही मेंढीची आई, आज्जी, पणजी ते बोटं न मोजता सांगायचे. मेंढा निवडायचा असला की ते मेंढ्याकडं बघायचेच नाहीत. त्याची आई शोधायचे. घाट चढताना ती मागं पडते का, कोकणच्या ओलीत तिचे खूर सडतात का, दुष्काळात कोकराला दूध पुरवते का, हे दोन वर्षं बघायचे आणि मग तिच्या पोटचा मेंढा ठेवायचे. तोही दोनच वर्षं. दोन वर्षांनी त्याच्या लेकी वयात यायच्या आत मेंढा दुसऱ्या वाड्याला देऊन बदल्यात नवा आणायचा. आमच्या कळपात जवळपास सगळी काळ्या खुरांची मेंढरं होती. मी विचारलं, "आबा, तुमाला काळं खूर आवडत्यात व्हय?" ते हसले. "मला काय आवडायचंय? पांढऱ्या खुराची घाटात लंगडली, मागं ऱ्हायली. वाट निवडती पोरी, मी न्हाई." पुढं कॉलेजात सरांनी निसर्ग कसा निवड करतो ते फळ्यावर लिहिलं, तेव्हा सगळा वर्ग उतरवून घेत होता आणि मी पेन खाली ठेवून बसले होते. मला ते घाटातल्या खुरांच्या आवाजासकट पाठ होतं.

माझ्या पाठीवर पाच वर्षांनी बिरू झाला. त्याला माझं सुमन हे नाव म्हणता यायचं नाही, तो तायडी म्हणायला लागला, आणि मग घरात मी सगळ्यांचीच तायडी झाले. आठ वर्षांपर्यंत हा पोरगा कोकरांच्या मागं वाऱ्यासारखा पळायचा. मग पळताना पडायला लागला. आम्ही आधी हसलो, हे सांगायला लाज वाटते, पण हसलो. मग तो जमिनीवरनं उठताना स्वतःच्याच गुडघ्यावर, मांडीवर हात टेकत टेकत उठायला लागला. पोटऱ्या मात्र पैलवानासारख्या भरलेल्या. आई कौतुकानं तेल चोळायची आणि म्हणायची, बघा की, किती गुटगुटीत पाय हायत माझ्या लेकराचं. दहाव्या वर्षी चढ चढायचं सुटलं. तेव्हापासनं घोड्यावरची माझी जागा त्याची झाली, आणि ओढा आडवा आला की मी त्याला पाठीवर घ्यायची. जी मेंढी दोन दिवस मागं पडली ती तिसऱ्या दिवशी आबा वाटेतल्या बाजारात सोडून द्यायचे, मागं वळून बघायचे नाहीत. तेच आबा घाटात घोडं अडलं की बिरूला खांद्यावर घेऊन तो अख्खा घाट चढायचे. वाटेनं आमच्या बिरूला निवडलं नव्हतं, आणि आबा वाटेचं ऐकत नव्हते.

बिरू पहिल्यांदा पडायला लागला त्या साली आबांनी बिरोबाला साकडं घातलं. ह्याच्या पायात बळ घाल, तुझ्या नावानं मेंढा सोडतो. आमच्यात देवाचं कोकरू माणूस निवडत नाही. पाच नर कोकरं देवळासमोर उभी करायची, पाठीवर पाणी शिंपडायचं, आणि ज्यानं आधी अंग झाडलं ते देवानं घेतलं. अंग झाडलं ते कपाळावर पांढरा चांद असलेल्या एका कोकरानं. त्याची आई साधारणच होती, आबांनी स्वतः ते कधी ठेवलं नसतं. पण देवापुढं कोण बोलणार? त्या मेंढ्याला दोर नाही, कातर नाही, सुरी नाही. तो विकायचा नाही, बदलायचा नाही. मरेपर्यंत कळपात राहणार, आणि कळपातली प्रत्येक मेंढी त्याची. आबा म्हणायचे, "बिरूचं बळ आता त्येच्यात हाय. त्यो फिरतोय तवर आपला बिरू हाय." अशी बारा महिने आणि बारा वाटा पाळलेली आबांची रीत पहिल्यांदा मोडली. दोन वर्षं झाली, चार झाली, सहा झाली, मेंढा बदलला नाही.

मी सांगलीत शिकायला आले. आम्हा मेंढपाळांच्या पोरींत कॉलेजात जाणारी मी पहिली, आणि त्याचा माझा तोरा काय विचारू नका. त्याच तोऱ्यात मी आबांच्या मागं लागून बिरूला सांगलीच्या एका मोठ्या डॉक्टरांकडं आणवलं. बिरू तेव्हा चौदाचा, भिंत धरून चार पावलं टाकायचा. डॉक्टरांनी पोटऱ्या दाबून बघितल्या, उठायला सांगितलं, आणि कागदावर लिहिता लिहिता विचारलं, "आईवडील रक्ताच्या नात्यातले आहेत का?" आबा म्हणाले, "न्हाई न्हाई सायेब. कूळ येगळं, आडनाव येगळं, देवक येगळं. सोयरीक हाय आमची." आई म्हणजे आबांच्या सख्ख्या मामाची मुलगी. पण मामाची मुलगी म्हणजे रक्ताचं नातं, असं आमच्याकडं कुणाच्या स्वप्नातही आलं नसतं; उलट तिच्यावर पहिला हक्क. आबा खोटं बोलले नाहीत. आणि शहाणी मी, शेजारी उभी राहून मान हलवली. डॉक्टरांनी "नाही" असं लिहिलं. औषध तेव्हाही नव्हतं, आजही फारसं नाही, त्यामुळं त्या एका शब्दानं बिरूचं काही बिघडलं नाही. हे मी स्वतःला हजारदा सांगितलंय.

त्यानंतरच्या वर्षी वर्गात एक दिवस सरांनी गुण पिढ्यान्‌पिढ्या कसे उतरतात ते दाखवलं. दोष एकाच बाजूनं आला तर दबून राहतो, दिसत नाही. आईकडनंही तोच आणि बापाकडनंही तोच आला, की उघडा पडतो. सरांनी सांगितलं, आपल्या माहितीतल्या एखाद्या जनावराचं वंशचित्र काढून आणा. मी देवाचा मेंढा घेतला. कळपात गेली काही वर्षं आखूड जबड्याची कोकरं जन्मत होती. खालचा जबडा बोटभर मागं, आचळ धरताच यायचं नाही, आठ दिवसांत मरायची. मी मेंढा मांडला, त्याच्या लेकी मांडल्या, लेकींना त्याच्यापासूनच झालेली कोकरं मांडली, हिशेब केला तर आठात एक. मला इतका आनंद झाला! मग उरलेल्या अर्ध्या पानावर, सहज, पेन्सिलीनं दुसरं चित्र काढायला घेतलं. वर एक म्हातारा. त्याची लेक, तिच्या पोटी आबा. त्याच म्हाताऱ्याचा लेक, त्याच्या पोटी आई. आणि खाली दोघांच्या रेघा जिथं मिळत होत्या तिथं मी आणि बिरू. चारात एकावर पाळी. माझ्यावर आली नाही, त्याच्यावर आली. मेंढरांत आबा आईकडचं बघायचे, माणसांत मात्र कूळ फक्त बापाचं धरायचे. मी ते चित्र खोडरबरानं पुसलं, कागद फाटेपर्यंत पुसलं, आणि मेंढ्याचं तेवढं सरांना दिलं. सर खूष झाले.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी कोयनानगरच्या स्टँडवर उतरून वाड्यावर गेले. कोकणातनं माघारी निघालेला वाडा तिथं नदीकडेला बसला होता. बिरू घोंगडीवर बसलेला, मांडीवर आखूड जबड्याचं कोकरू, आणि हा फडक्याची वात दुधात बुडवून त्याच्या तोंडात पिळतोय. "ह्यो सातवा गं तायडे," तो म्हणाला. "ह्यो जगंल बघ." तो सातही वेळा तेच म्हणाला असणार. मी तशीच उठून आबांकडं गेले आणि जे काय शिकले होते ते फडाफडा बोलले. देवाचा मेंढा बदला, तुमची कोकरं त्याच्यामुळं मरतायत, मी हिशेब केलाय. आबांनी जाळ्याची गाठ मारता मारता सगळं ऐकून घेतलं. "आठात एक म्हन्तीस ना?" ते म्हणाले. "बरोबर हाय. म्या मोजलंय."

"म्हंजी तुमाला ठावं हाय?" मी विचारलं.

"मला कळत न्हाई व्हय गं? बाप-लेकीचं लागलं की कोकराचं असंच व्हतं. माझ्या बाला ठावं हुतं, त्येच्या बाला ठावं हुतं." त्यांनी गाठ ओढून घट्ट केली. "देवाला बिरू मागितलाय म्या. त्यानं त्येच्या बदल्यात कोकरं घेतली तर घेऊ दे. समदा कळप गेला तरी चालंल मला." ते हळू बोलत होते, पण घोंगडी काही लांब नव्हती. मी वळून बघितलं तर बिरूच्या हातातली वात तशीच कोकराच्या तोंडात होती आणि दूध त्याच्या मांडीवर गळत होतं.

वाडा माणात पोचेपर्यंत तो कुणाशी धड बोलला नाही. मेंढ्या फळायचा वखत जवळ आला होता. एके दिवशी दुपारी आबा आणि आई चाऱ्याला गेलेली बघून त्यानं मला हाक मारली. "तायडे, गोणपाट आण." मेंढा मेंढीवर जाऊ नये म्हणून पोटाखाली गोणपाटाचा तुकडा बांधतात, साधी गोष्ट, सगळे मेंढपाळ करतात. पण देवाच्या मेंढ्याला! मी म्हटलं, "बिरू, देवाचा हाय रं त्यो." तो म्हणाला, "देव माझा हाय का मेंढ्याचा?" त्याला वाकता येत नव्हतं, म्हणून त्यानं तळहातावर मीठ घेऊन मेंढ्याला पुढं बोलावलं आणि मी मागनं बांधलं. माझी पहिली गाठ सुटली. "जाळ्याची गाठ मार की, शिकलेली हायस नव्हं," तो म्हणाला आणि हसला. मेंढा बिचारा मीठ चाटत गरीब गाईसारखा उभा होता.

आबा आले, त्यांनी बघितलं, आणि हातातला भारा टाकून धावले. गाठीला हात घातला तोच बिरू म्हणाला, "आबा, सोडलंसा तर म्या जेवनार न्हाई." "येड्या, तुझ्यापायी तर त्यो सोडलाय!" "माझ्यापायी नगो. माझ्या नावानं एक बी कोकरू आता मराय नगो." आबांनी गाठीवरचा हात काढला. मग मेंढ्याच्या शेजारीच खाली बसले. दुसऱ्या दिवशी शेजारच्या वाड्यावर जाऊन काळ्या खुरांचा नवा मेंढा घेऊन आले. जाताना आणि येताना माझ्याकडं त्यांनी बघितलं नाही.

बिरूच्या छातीत कफ भरला तो श्रावणात. खोकून टाकायलाही अंगात बळ लागतं, ते त्याच्यात उरलं नव्हतं. निरोप मिळून मी सांगलीहून पोचेपर्यंत सकाळीच सगळं आटोपलं होतं. आई आतल्या खोलीत होती. आबा दारात, देवाचा मेंढा त्यांच्या गुडघ्याला टेकून उभा आणि ते गोणपाट सोडून त्यांनी हातात धरलेलं. मला बघून ते रडले नाहीत, ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "लय शिकलीस गं तायडे." त्यांच्या तोंडून तायडे ऐकलं ते तेवढं शेवटचं. तेराव्यानंतर मी निघाले तर म्हणाले, "बाई, च्या घ्या. गाडीला येळ हाय." पोटच्या पोरीला बाई आणि तुम्ही! ते पुढं आयुष्यभर. पाव्हण्याला करतात तसा मान द्यायचे आणि पाव्हण्याइतकंच लांब ठेवायचे. आईनंही तायडी म्हणायचं सोडलं. ते नाव बिरूचं होतं, तिच्या जिभेला ते सोसायचं नाही.

कार्तिकात कोकरं झाली. आबांनी एकेकाचं तोंड उघडून बघितलं. सगळ्यांचे जबडे धड होते. बघायचे आणि खाली ठेवायचे. देवाचा मेंढा त्यांनी बिरोबाच्या बनात नेऊन सोडला.

माझ्याकडं उत्तर होतं. मला म्हणता आलं असतं, आबा, मेंढ्याचा काही संबंध नाही, गोणपाटाचा नाही, देवाचाही नाही, हे तुमच्या आणि आईच्या रक्तातनं आलंय. मी एका वाक्यात सुटले असते. किती वेळा ते वाक्य ओठांवर आलं, आणि दरवेळी समोर चुलीपुढं आई बसलेली असायची, पिठाचे हात, वाकलेली मान. मग मी गिळायची. आपण फार मोठा त्याग करतोय असं मला वाटायचं, खरं सांगते. त्याचाही एक तोराच होता माझ्यात.

पुढं आत्यानं तिच्या मुलासाठी मला मागणी घातली. ठरल्यासारखंच होतं, आबांनी लहानपणीच शब्द दिला होता. आणि जन्मात नवऱ्यापुढं आवाज न चढवलेली आमची आई दारात उभी राहून म्हणाली, "पोरगा मुंबईला ऱ्हातोय. लांब द्यायची न्हाई मला लेक." एवढंच कारण, पण हटली नाही. आबा आठ दिवस तिच्याशी बोलले नाहीत. आत्यानं आमचा उंबरा सोडला तो मरेपर्यंत सोडला. सगळे म्हणाले, लेक शिकली म्हणून ही चढली. मलाही तसंच वाटलं, आणि सुटले बाई म्हणून मी खूष झाले. माझं लग्न पुढं परक्या घरात झालं, दोन्ही मुलं धडधाकट आहेत.

आबा गेले त्याला वर्ष होत आलं. आई आता माझ्याकडं असते, पंच्याऐंशीला टेकली आहे, दिसतं कमी पण शेंगा सोलायला हात अजून चालतात. कळप चुलतभावाचा मुलगा सांभाळतो. परवा त्यानं मोबाइलवर फोटो पाठवला: नुकतं जन्मलेलं कोकरू, कपाळावर पांढरा चांद. इतक्या पिढ्यांनी! मी आईला सांगितलं. ती म्हणाली, "कपाळ ऱ्हाऊ दे. तोंड उघडून बघितलंय का इचार." मी फोन लावला. त्यानं बघितलं होतं, जबडा चांगला होता.

"मेंढा बदलतो का त्यो येळच्या येळी?"

"बदलतो म्हणे."

"ब्येस करतो." तिनं दोन शेंगा फोडल्या. मग मान वर न करता म्हणाली, "तुझ्या आबाचा आजा आन् माझा आजा एकच की गं."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "कवापासनं ठावं हाय तुला?"

"त्या कोकरांचं जबडं बघितलं तवापासनं. मेंढरांत वाढलेली बाई म्या. बिरूला भरवताना, चोळताना दुसरा इचारच न्हवता माझ्या डोस्क्यात. म्हनून तर तुझ्या आत्याला न्हाई म्हनलं. तू मेंढ्याला बांधलंस, म्या सोयरिकीला."

"मग आबांना का नाही सांगितलंस?" माझा आवाज चढला. मला राग आला, खरंच फार राग आला. "मला बाई म्हणाले ते मरेपर्यंत. तुझ्यादेखत! एकदा सांगायचं होतंस."

"सांगितलं असतं तर त्यो एक दीस जगला नसता. देवावर रुसला, लेकीवर रुसला, तवा जगला. सोतावर रुसला असता तर? आन् तुला बी ठावं हुतं. तुझं त्वांड बघून कळायचं मला. तू तरी कुठं सांगितलंस?"

"तुझ्यासाठी नाही सांगितलं, आई."

"व्हय. आन् म्या तुझ्या पाठीवर टाकलं समदं. तुझी पाठ लय घट, बिरूला घेऊन वढा वलांडायचीस. म्हनलं, ही न्हेईल." तिचे हात थांबले होते. "लय लांब न्यावं लागलं तुला."

मी रडायला लागले. या वयात, दिवसाउजेडी, स्वयंपाकघरात, नाक फेंदारून. आईला दिसत नव्हतं, पण ऐकू येत होतं. तिनं शेंगांची ताटली चाचपडत बाजूला सारली.

"हिकडं ये," ती म्हणाली, "तायडे."